उस्ताद नेमतच्या देगेचं झाकण

जबीह आगांसारखा गुप्तहेर काशानपासून डोंगरापर्यंत दुसरा नव्हता, हे सरचश्मे गावात सर्वांना ठाऊक होतं. निदान आगांनी ते सर्वांना सांगितलं तरी होतं. तीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं. बंद पाकीट नुसतं हुंगून आत लग्न आहे की भाऊबंदकी, ते सांगायचे. निम्मी पत्रं भलत्याच दारात पडली, तो भाग वेगळा.

त्यामुळे गुलाबतोडणीच्या सणाला, ऐन सकाळी गुलाबपाणी काढणाऱ्या उस्ताद नेमतच्या तांब्याच्या देगेचं, म्हणजे मोठ्या हंड्याचं, झाकण नाहीसं झालं, तेव्हा आगांनी चहा अर्धा टाकून टोपी चढवली.

प्रसंग बाका होता. पहाटे तोडलेल्या फुलांचा अंगणात कमरेएवढा ढीग पडला होता. उन्हं तापली की फुलं माना टाकणार. आणि पहिलं गुलाबपाणी नेमतच्या देगेतून निघाल्याशिवाय गावात दुसरी भट्टी पेटवायची नाही, अशी पणजोबांपासूनची रीत.

"दुसरं झाकण लाव की," कुणीतरी म्हणालं.

"तिला तिचंच बसतं हो!" नेमत रडकुंडीला आला होता. "दोन नळ्यांची दोन भोकं आहेत त्याला."

"दोन भोकं," आगांनी वहीत टिपलं. "म्हणजे चोर दोन."

ओढ्याकाठी पावलं उमटली होती. आगा गुडघ्यांवर बसले. "टाच झिजलेली. माणूस आळशी, लबाड, बायकोचं न ऐकणारा."

त्यांची बायको तूबा खानम कांद्यांची टोपली घेऊन चालली होती. "अहो, ते तुमचेच जोडे. बाकी वर्णन बरोबर आहे."

मग संशय वळला पलीकडच्या गावावर. का? तर तिथून आज कुणीच आलं नव्हतं. "न येणं हाच पुरावा!" आगा गरजले. तेवढ्यात ते सगळे फुलं लादलेल्या गाढवांसह गात-नाचत हजर झाले. "एवढे सगळे एकदम? हाही पुरावाच!"

ऊन चढलं. फुलांच्या कडा काळवंडू लागल्या. नेमत ढिगावर पाणी शिंपडत होता.

आगा विचार करायला सणाच्या चुलाण्यापाशी बसले. पातेल्यात सणाची आश, पाल्याचं दाटसर कढण, रटरटत होती. लसूण-पुदिन्याची वाफ दोन धारांनी वर येत होती. एकीवर त्यांनी उजवी मिशी शेकली, दुसरीवर डावी.

"माझं नाक सांगतंय, आपण अगदी जवळ आलोय."

"मग नाक बाजूला घ्या, भाजेल," म्हणत तूबा खानमने फडक्याने झाकण उचललं आणि ती थबकली. "इतकं जड? नेमतभाऊ! हे तुमचं नव्हे का?"

गावाने विहीर धुंडाळली, तबेला उपसला, छपरं तुडवली होती. झाकण पातेल्यावर असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नेमतने धुऊन वाळत घातलेलं झाकण बायकांनी आशवर ठेवलं होतं, इतकंच.

राखेने घासाघास झाली. देगेवर बसवून कणकेने झाकणाची कड लिंपली. तासाभराने नळीतून पहिली धार लागली. नेमतने वास घेतला.

"गुलाबच आहे," तो म्हणाला आणि हसता हसता रडला. "पुदिना नावापुरता."

आगा खाकरले. "तपास योग्य दिशेनेच चालला होता. मी चुलाण्यापाशी उगाच नव्हतो बसलो."

मानाची पहिली बाटली नेमतने त्यांच्या पसरलेल्या हातावरून पुढे नेऊन तूबा खानमला दिली. तिने ओंजळभर गुलाबपाणी घेऊन नवऱ्याच्या तोंडावर सपकन मारलं.

"आता तरी जागे व्हा. आणि चला, फुलं उचलायला माणसं हवीत."