दोनावरचा काटा

कुणाचं नाव घेत नाही, पण आमच्या घरात एक माणूस असा आहे, की काटा थांबेपर्यंत ज्याला दम निघत नाही. परवाचा गोंधळ त्याच्यामुळे झाला.

मी नागपूर विद्यापीठाचा बी.एस्सी. उद्या सगळा देश विजेवर चालायचा, मग सुरुवात आमच्या वरूडच्या संत्र्याच्या बागेपासून का नको? मी बागेपासून घरापर्यंत तार ओढली. (बायकोची धुणं वाळवायची तारही त्यात गेली. तेव्हापासून लुगडी कुंपणावर वाळतात.) बागेत तीन बटणं, घरात काटा. काटा एकवर गेला तर चहा पाठवा, दोनवर गेला तर भाकरी, आणि तीनवर गेला तर साप निघाला, काठ्या घेऊन धावा.

बाबा म्हणाले, "आठ दिवस बिनचूक चाललं त अवजाराची खोली तुही. तिथं कर काय प्रयोग करायचे ते. नाई त धामणगावच्या कापसाच्या जिनात कारकुनी धर."

सहा दिवस बिनचूक चाललं. सातव्या दिवशी अकोल्याहून सासरे आले, जानराव. त्यांना यंत्र दाखवायचं म्हणून काट्यासमोर मीच बसलो. सासऱ्यांची दाढी चालली होती. दुपारी काटा उडाला तो थेट तीनवर.

"साप," मी ओरडलो, आणि पळालो.

माझ्यामागे बाबा, शेजारचे चौघे, अर्धी दाढी झालेले सासरे आणि उरलेली अर्धी हातात वस्तरा घेऊन करू पाहणारा न्हावी.

बागेत तानुबाई, संत्री तोडणाऱ्या बायांची मुकादमीण, हात धुऊन झाडाखाली बसली होती.

"साप कुठी हाय?" सासऱ्यांनी धापा टाकत विचारलं.

"कायचा साप? भाकर कुठी हाय?"

"तुम्ही कोणतं बटण दाबलं?" मी विचारलं.

"दोनचं. मी शिकेल नाई, पण दोन समजते मले."

बाबांनी फक्त "धामणगाव" म्हटलं. मी संध्याकाळपर्यंत मुदत मागितली.

घरी येऊन शकुनला, म्हणजे बायकोला, विचारलं, "सहा दिवस तू पाहत होतीस. तुझी चूक कशी झाली नाही?"

"हातातली भाकर तव्यावर पडली की मंग पाहा लागते. तवरोक थो काटा थांबते."

मी तानुबाईला बटणाशी बसवलं आणि काटा मोजला. दोनवर थांबणारा काटा आधी तीनला शिवून येत होता. थांबायच्या जागेच्या पुढे तो जितका जातो, तितकी त्याची झेप: दोनावर एक, म्हणजे शंभराला पन्नास. मग काट्याला पत्र्याची लहानशी पाती जोडली आणि ती वाटीभर जवसाच्या तेलात बुडवली. झेप शंभराला दहावर आली. दोन म्हणजे आता दोनच.

बाबांनी स्वतः बागेत जाऊन दहा वेळा बटण दाबलं. दहाही वेळा शकुन आणि मी भाकरीच घेऊन आलो. "अजून आठ दिवस घे," ते म्हणाले. मला खोली दिसू लागली, तिच्यात दिवा दिसू लागला, अख्खं वऱ्हाड उजळलेलं दिसू लागलं. खिळे आणायला मी तेवढ्यात उठलोसुद्धा.

दहावी भाकरी पदरात बांधत तानुबाई शकुनला म्हणाली, "बाई, वाटीत तेल उरलं असन त थोडं याईच्या टाळूवर बी घाल."