गुलाबरावांचा दुभता फंड

आमच्या गल्लीत कुणी खोकलं की गुलाबरावांचा चेहरा खुलतो. "औषध घेतलं का?" म्हणून विचारतात, आणि घरच्या काढ्यावर भागवलं असं कळलं तर खरोखर दुखावतात. त्यांचे निवृत्तीचे पैसे औषध कंपन्यांच्या म्युच्युअल फंडात आहेत.

ते मीच घालायला लावले. यवतमाळात माझं फंड विकायचं दुकान आहे. सगळं एकाच क्षेत्रात घालू नये हे मला ठाऊक होतं. कमिशन बरं होतं म्हणून गप्प बसलो. हे मी घरातही कधी बोललो नाही.

गुलाबराव गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, त्यामुळे फंड त्यांच्या लेखी जनावरच. सकाळी दुकानात डोकावून विचारणार, "चारा खाऊन राह्यलं का?" भाव कोसळला तेव्हा माझी झोप उडाली, आणि धीर द्यायला तेच आले. "बिचकलं आहे. मागं धावलं का आणखी दूर पळते. बसा चूपचाप." मग दुपारपासून स्वतःच चकरा मारत राहिले.

पहिल्यांदा लाभांश आला तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. मागाहून पाहतात तर फंडाचा भाव तेवढाच उतरलेला, शिवाय दहातला एक रुपया करात कापलेला. तणतणत आले. लाभांश तुमच्याच पैशातून निघतो, मी समजावलं.

"म्हणजे दूध माह्याच गाईचं, पहिला पेला सरकारले, अन् पेढे बी मीच वाटले?"

पैसे आतच वाढू द्या, दरवर्षीचा कर तरी टळेल, असं तेव्हापासून सांगत आलो. ते नाही म्हणायचे. कारण सांगत नसत.

यंदा कळलं. औषधाचे शेअर पडले आणि फंडाने लाभांश दिलाच नाही. भाऊबीजेला गुलाबराव मला राळेगावला बहिणीकडे घेऊन निघाले. नवऱ्यामागे शांताबाई शिवणकामावर जगतात, ओवाळणीच्या एक्कावन्न रुपयांवर भावाचा पैसा घेत नाहीत. म्हणून गुलाबरावांनी तिच्या बकऱ्या विकून आलेले पैसे आपल्या फंडात घातले आणि तिला भागीदार केलं. भागीदारीचे ती घेते. यंदाचे त्यांनी पेन्शनीतून काढले होते. हे सगळं त्यांनी बसमध्ये, खिडकीबाहेर बघत सांगितलं. "तिनं विचारलं तं तुम्ही फक्त आलं म्हणा."

ओवाळून झाल्यावर गुलाबरावांनी नोटा पुढे केल्या. शांताबाईंनी हात लावला नाही. मलाच विचारलं, "भाऊ, टीव्हीवर तं पडलं पडलं म्हणून राह्यले. यंदा खरंच आलं का?"

गुलाबराव पाटावर मान खाली घालून बसले होते.

"आलं," मी म्हणालो.

शांताबाईंनी नोटा घेतल्या, मोजल्या. "टॅक्स कापला वाटते."

"कापला."

"मंग बरोबर आहे," म्हणाल्या, आणि नोटा पदराला बांधल्या.

परतीच्या गाडीची वाट बघताना गुलाबरावांनी बंडीच्या खिशातून थोड्या नोटा काढून दाखवल्या. दहातला एक त्यांनी स्वतःच कापला होता. पूर्ण दिले असते तर तिला शंका आली असती.

"मग हे आता?"

"राहू द्या. पुढच्या साली बी गाय आटली तं तिलेच देता येते." नोटा परत आत ठेवून त्यांनी खिसा चाचपला. "तुम्ही याल न तेव्हा?"