टाकीतला गुलाब

गाडी माझी नाही, सासऱ्यांची आहे, हे आधीच सांगून टाकतो. नजर अधू झाल्यावर त्यांनी ती आमच्याकडे सोपवली. पण सोपवताना जेवढे प्रश्न विचारले, तेवढे मुलगी देतानाही विचारले नव्हते. (तेव्हा फक्त नोकरी कायम आहे ना, एवढंच विचारलं होतं.)

गाडी पेट्रोल मात्र घटाघटा प्यायची. आमच्या ऑफिसातला टायपिस्ट, ज्याला आम्ही सगळे सर्वज्ञ म्हणतो, एकदा जेवणाच्या सुट्टीत कानाशी लागला. "टाकीत नेलपॉलिश रिमूव्हर टाका. मायलेज असं वाढेल की पंपवाला तुम्हाला विसरून जाईल."

"तुम्ही टाकलंय?"

"माझी सायकल आहे."

शहाण्या माणसाने इथेच विषय सोडला असता. मी घरी गेलो आणि बायकोच्या आरशासमोरची बाटली उचलली.

ती टाकीत ओतली आणि गाडी काय पळायला लागली म्हणता! (आधीही पळतच होती, पण आता ती माझ्या अकलेवर पळत होती.) मग मला चटकच लागली. घरातली बाटली पुन्हा पुन्हा कशी नाहीशी होणार? म्हणून मी ऑफिसजवळचं प्रसाधनांचं दुकान गाठलं.

"वहिनींचा रंग कसा आहे?" दुकानातल्या बाईंनी विचारलं. "त्याप्रमाणे नेलपॉलिशही दाखवते."

माझं सगळं लक्ष बाहेर उभ्या केलेल्या गाडीकडे. "लाल. मागून जरा गंजलीय."

बाई चुकचुकल्या. मग त्यांनी जास्तीची एक बाटली पुढे केली. "ही माझ्याकडून. गुलाबाचा वास आहे, तेलही आहे. बिचारीला बरं वाटेल."

तीही टाकीत गेली.

रविवारी बायको आणि सासूबाईंना घेऊन निघालो. भर चौकात गाडीने आचके दिले, ती खोकली आणि बंद पडली. मागे हॉर्नचा गलका सुरू झाला.

"अगं, गुलाबाचा वास कुठून येतोय?" मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या.

"गाडी ओढायला डिकीत दोर आहे का बघते," म्हणत बायको उतरली. मी धावलो, पण उशीर झाला होता. स्टेपनीआड दडवलेल्या रिकाम्या बाटल्या गडगडत बाहेर आल्या.

"हे काय आहे?"

माझ्या डोळ्यांपुढे सासरे उभे राहिले. मुलीला फसवलं तर ते एकवेळ माफ करतील, पण गाडीला? मी खाली मान घातली. "तुला सांगणारच होतो. एक... बाई आहे."

बायकोचे ओठ थरथरले. आता ही कोसळणार, म्हणून मी आधाराला हात पुढे केला. ती डिकीच्या काठावर बसली आणि पोट धरून हसत सुटली.

"आई, ऐकलंस का? यांची म्हणे एक बाई आहे!"

सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "असं हसू नये गं. तिच्या चष्म्याचा नंबर तरी विचार."

"का? माझी नसू शकते?" मला भयंकर राग आला. "चांगली नखं रंगवते ती!"

"आणि एवढं रिमूव्हर पिते की काय?"

"टाकीत ओतलं," मी पुटपुटलो. "मायलेजसाठी."

हसणं कापल्यासारखं थांबलं.

"बाबांच्या गाडीत?" मायलेकी एकदम ओरडल्या. दुसऱ्या बाईचं ऐकून ज्यांना हसू आवरत नव्हतं, त्यांच्या डोळ्यांत आता पाणी उभं राहिलं.

गॅरेजवाल्याने टाकी उपसली. सासऱ्यांना 'पेट्रोलमध्ये पाणी होतं' असं सांगून सासूबाईंनी मला वाचवलं.

परवा मी सूड म्हणून ऑफिस सुटल्यावर बागेत एकटाच बसून राहिलो आणि अंधार पडल्यावर, केस जरा विस्कटून, घरी गेलो. बायकोने दार उघडलं. मला बाजूला सारून तिने घाईघाईने रस्त्याकडे बघितलं आणि विचारलं, "गाडी ठीक आहे ना?"