पहिल्या लेव्हलच्या चोराने बूट कुठे काढावेत

नकुल केतकर आपुलकी मंडळाच्या सेक्रेटरीपदी बिनविरोध निवडून आला. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. नकुलनेही तसंच समजायचं ठरवलं आहे.

तर, अजून काहीही झालेलं नाही. शनिवारची संध्याकाळ आहे, अमेरिकेतल्या ट्रॉय गावात, अध्यक्ष रवींद्रकाकांच्या घरी मंडळाचं गेट-टुगेदर आहे, आणि नकुल हातात कागदी प्लेट घेऊन पळून जायच्या विचारात उभा आहे.

पळायला कारण होतं. आठ वाजता त्याला ऑनलाइन जायचं होतं. एका गेममध्ये नकुल चोर होता आणि टेक्सासात, अर्विंगला राहणारी राधिका योद्धा होती. दोघांचं जमून वर्ष होत आलं होतं, आणि दर शनिवारी मिळून राक्षस मारणं यालाच ते भेटणं म्हणत. मागचे दोन शनिवार नकुल मंडळाच्या कार्यक्रमांमुळे उशिरा पोचला होता आणि राधिका एकटीच मार खात बसली होती. या वेळी तिने स्वच्छ सांगितलं होतं, "आज वेळेवर आला नाहीस, तर मी दुसरा चोर बघते."

इकडे रवींद्रकाकांनीही जाहीर केलं होतं की नवा सेक्रेटरी निवडल्याशिवाय बासुंदी बाहेर येणार नाही. सेक्रेटरी म्हणजे गणपतीसाठी शाळेचा हॉल मिळवायचा, मोदकांची ऑर्डर द्यायची, मुलांच्या नाचांची गाणी सांभाळायची आणि दर शनिवारी मीटिंग घ्यायची. आधीचा सेक्रेटरी संजय नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेला होता. पगार कमी मिळाला तरी चालेल, असं त्याने इंटरव्ह्यूमध्ये स्वतःहून सांगितलं, असं म्हणतात.

नकुल मात्र निश्चिंत होता. 'नवख्या चोराने पहिल्या काही लेव्हल कशा चढाव्यात' या विषयावर त्याने नेटवर सविस्तर मार्गदर्शन लिहिलं होतं. वाचक दोन होते: राधिका, आणि राधिकाचं दुसरं अकाउंट. पण म्हणून ज्ञान काही खोटं ठरत नाही.

मार्गदर्शनातला पहिला सल्ला असा होता: सुरुवातीलाच खजिन्यावर जाऊ नये. जिथे कुणी बघत नाही अशा ठिकाणी वाकून बसावं, त्याने लपण्याचं कौशल्य आपोआप वाढतं. नकुल स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याआड, डिशवॉशर आणि कचऱ्याचा डबा यांच्या मधे उकिडवा बसला. कौशल्य वाढायच्या आत तिथे शैलजाकाकू आल्या.

"काय रे, खाली काय शोधतोयस?"

"कचऱ्याची पिशवी बदलावी म्हटलं, काकू."

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. "आमच्या ह्यांना या घरात कचऱ्याचा डबा आहे हेसुद्धा माहीत नाही," त्या म्हणाल्या आणि भरलेली पिशवी त्यांनी त्याच्या हातात दिली.

हे उत्तमच झालं. हातात कचरा असलेल्या माणसाला कुणी अडवत नाही, ही गोष्ट मार्गदर्शनात घालायची राहून गेली होती. नकुल गॅरेजमधून बाहेर पडला, पिशवी टाकली आणि घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आला. आता फक्त बूट घालायचे होते.

माणसं इतकी आली होती की सगळ्यांचे चपला-बूट दाराबाहेर पोर्चमध्ये काढलेले होते. काढलेले म्हणजे ओतलेले. दुसरा सल्ला: आधी उजेड घालवावा. नकुलने पोर्चचा दिवा आटे फिरवून ढिला केला. दाराच्या बेलमध्ये कॅमेरा होता, पण बेल दाबली तरच तो बघतो अशी नकुलची समजूत होती. नकुल एका गाड्यांच्या कंपनीत सेन्सर टेस्टिंग करतो. समोर माणूस आला की गाडीला कळतं की नाही, हे बघण्याचा त्याला पगार मिळतो.

अंधारात लक्षात आलं की मंडळातल्या झाडून सगळ्या पुरुषांनी एकाच सेलमधून एकाच कंपनीचे काळे बूट घेतलेले आहेत. नकुलच्या डाव्या बुटाची लेस तुटून गाठ मारलेली होती, तेवढीच खूण. तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक बूट चाचपू लागला. तपासलेला बूट पुन्हा तपासावा लागू नये म्हणून तो जोडी लावून भिंतीकडे सरळ रेषेत ठेवत गेला. टेस्टिंगवाल्याची सवय.

आत काय चाललं होतं ते त्याला नंतर कळलं. सेक्रेटरी व्हायला कुणीच तयार होईना, म्हणून काकांनी लोकांना पाझर फुटावा या हेतूने मागच्या गणपतीचे फोटो फोनवरून टीव्हीवर लावले होते. तेवढ्यात फोनवर बेलच्या कॅमेऱ्याची सूचना आली. काकांनी ती घालवायला बोट लावलं आणि टीव्हीवर आरतीच्या जागी पोर्च आला. काळोखातही दिसणाऱ्या त्या कॅमेऱ्यात कुणीतरी रांगत होतं.

नागपूरच्या अतुलने पोलिसांना फोन लावायला घेतला.

"थांबा," शैलजाकाकू म्हणाल्या. "चोर कसला, नकुल आहे तो. अगं बाई, चपला लावतोय!"

टीव्हीवर नकुलने एका लहान मुलीची इवलीशी चप्पल उचलली, तिची जोडीदारीण शोधली आणि दोघींना शेजारी शेजारी ठेवलं. रवींद्रकाकांनी चष्मा काढून पुसला. मंडळ स्थापन झाल्यापासून कुणी कुणाची चप्पल सरळ केलेली नव्हती, फक्त तुडवलेली होती. मग काकूंनी कचऱ्याचं सांगितलं. सगळ्यांचे हात वर झाले. बासुंदी बाहेर आली.

नकुलला आतून टाळ्या ऐकू आल्या. कुणीतरी अडकला बिचारा, असं मनात म्हणत त्याने गाठीचा डावा आणि हाताला लागला तो उजवा बूट चढवला आणि वाकूनच गाडीपर्यंत गेला.

आठला पाच कमी असताना त्याने हेडफोन चढवला.

"या, सेक्रेटरीसाहेब," राधिका म्हणाली.

शैलजाकाकू ही राधिकाची सख्खी मावशी. व्हिडिओ अर्विंगला नकुलच्या आधी पोचला होता.

"अंधारात होतो मी," नकुल म्हणाला.

"खूप छान दिसत होतास. मावशी म्हणते, मुलगा कामाचा आहे, हातचा घालवू नकोस. म्हणून तुला ठेवते. पण तुझ्या शनिवारी आता मीटिंगा. चोर मी दुसरा बघितलाय. बेलव्ह्यूचा आहे. वेळेवर येतो."

नकुलने गेम बंद केला आणि सेक्रेटरी या नात्याने आपलं पहिलं पत्र लिहिलं.

"प्रति, माननीय अध्यक्ष, आपुलकी मंडळ, ट्रॉय.

विषय: निवड रद्द करून मागील सेव्ह केलेल्या जागेपासून पुन्हा सुरू करण्याबाबत.

महोदय, मी भजी घेण्यासाठी रांगेत उभा होतो तिथपर्यंत सर्व काही ठीक होतं. तरी कृपया सर्व सभासदांना त्या जागेवर परत नेण्यात यावं. बासुंदी खाल्लेल्यांनी ती जमा करावी. सोबत दहा नंबरचा उजवा बूट परत करत आहे. तो माझा नाही.

कळावे. आपला, सेक्रेटरी (नसलेला)."