नॉरिसचे चहा पिणारे शिपाई

हिलरीने नवऱ्याला शांतपणे सांगून टाकलं होतं. शनिवारी क्लबात शिपायांची लढाई जिंकलास तर टेबल तुझं, हरलास तर माझं. घरातलं जेवणाचं टेबल ते एकच. त्यावर नॉरिसचे बोटभर उंचीचे प्लॅस्टिकचे शिपाई कित्येक वर्षं तळ ठोकून होते, आणि नवरा-बायको मांडीवर ताटं घेऊन जेवत होती. पोस्टातून निवृत्त झालेल्या नॉरिसला दुसरं व्यसन नव्हतं. पुट्टी मळायची आणि ती कडक व्हायच्या आत सुईने कुणाला मफलर, कुणाला मिशी करून द्यायची. साच्यातून निघालेली एकसारखी तोंडं त्याला बघवत नसत.

आता लढायचं होतं क्लेमंटशी. हा हिलरीचा धाकटा भाऊ. खोक्यातून शिपाई काढायचे, चिकटवायचे आणि लढाईला धाडायचे, एवढंच त्याला ठाऊक. तरी दरवेळी तोच जिंकायचा. एकदा तर त्याचे शिपाई शिडीशिवाय नॉरिसच्या किल्ल्यावर चढले होते. तेव्हा नॉरिसने चिडून क्लबात नियमच मंजूर करून घेतला, की शिपायाजवळ दिसेल तेवढंच त्याच्याकडे आहे असं धरायचं.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मोठ्या टेबलावर फौजा मांडल्या गेल्या. नॉरिसच्या शिपायांभोवती गर्दी जमली. थंडीत लढायचं बिचाऱ्यांना, म्हणून त्याने पहिल्या रांगेला चहाचे कप दिले होते. लोक वाहवा करत होते आणि तो मनातून सुखावला होता.

"माझी पहिली रांग गोळ्या झाडते," तो म्हणाला.

क्लेमंटने वाकून बघितलं. "कशाने झाडते? हातात तर कप आहेत."

"बंदुका पाठीला आहेत की, राजा."

"मग कप आधी खाली ठेवायला हवेत. ठेवलेले मला तरी दिसत नाहीत."

पंच होत्या स्लीथबाई. त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं. "नियम तूच आणलास, नॉरिस," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या रांगेतले शिपाई बुटातले खडे काढत एका पायावर उभे होते. ते पुढे सरकेनात. पहारेकरी तर इतका सुरेख पेंगत होता, की त्याने शत्रूला पाहिलं असं म्हणायची सोयच नव्हती. महिनोन्महिने खपून आपण स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे नॉरिसला कळून चुकलं. टेबल गेलं, आता फौज माळ्यावर जाणार. त्याला खरंच रडू येत होतं.

क्लेमंटने सेनापतीसकट सगळं घोडदळ उधळलं. "सरळ तुझ्या तंबूपर्यंत. तिथे थांबतील आणि तंबू घेतील."

नॉरिस हताश होऊन घोड्यांकडे बघत राहिला. बघता बघता त्याचा हात चष्म्याकडे गेला. त्या खोक्यातल्या घोड्यांना लगाम येत नाहीत. पुट्टीची बारीक वळी करून ते आपणच घालायचे असतात.

"थांबतील कसे?" त्याने हळूच विचारलं. "लगाम कुठे आहेत?"

स्लीथबाईंनी भिंग मागवलं. एकेक घोडा नीट तपासला. मग क्लेमंटचं घोडदळ तंबू ओलांडून, चहा पिणाऱ्यांना वळसा घालून टेबलाच्या कडेपर्यंत गेलं आणि तिथून बाईंनी ते उचलून टोपलीत ठेवलं. सेनापतीच मैदानातून गेल्यावर लढाई कसली? नॉरिस जिंकला.

सोमवारी संध्याकाळी दारावर टकटक झाली. क्लेमंट उभा होता, काखेत खोकी.

"लगाम करायला शिकव," तो पडेल आवाजात म्हणाला.

दारात आलेल्या मेव्हण्याला नाही कसं म्हणणार? नॉरिसने आपली एक पलटण थोडी सरकवली. मग दुसरीही सरकवावी लागली. आठवडाभरात क्लेमंटची अख्खी फौज टेबलावर आली आणि तोफा खुर्च्यांवर गेल्या. दोघं शेजारी बसून पुट्टी मळू लागले.

हिलरीने हे सगळं पाहिलं. ओव्हनमधून जेवणाचं भांडं काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि कोट चढवला.

"जेवायच्या वेळी कुठे निघालीस?" नॉरिसने विचारलं.

"क्लेमंटच्या घरी," ती म्हणाली. "त्याचं टेबल आता रिकामं झालंय."