चार मजली केक आणि अडीचशे किलोचा माल

"यापुढे आपल्या गाडीत केकवरची चेरीसुद्धा हलणार नाही," असं जावईबापूंनी मंगळवारी संध्याकाळी जिन्यात उभं राहून जाहीर केलं. जिना तो जिना, तीन मजल्यांना ऐकू गेलं. माणसानं एवढं बोलू नये. बोलायचंच असेल तर आधी गाडी एकदा चालवून तरी बघावी. पण गाडी होती गॅरेजमध्ये आणि खिशात होती आगाऊ रकमेची पावती, आणि खिशात पावती असली की माणसाला उगाचच आपलं काम झाल्यासारखं वाटतं.

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. पण सासूबाई पहिल्या मजल्यावर, हे तिसऱ्यावर, आणि बायको याच इमारतीत लहानाची मोठी झालेली. त्यामुळे ती सगळ्यांची ताई आणि हे सगळ्यांचे जावईबापू. दिवसभर विमा कचेरीत बसून ते दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद तपासत. ताई घरी केक करायची. सहा वर्षं करत होती आणि असे करायची की लोक आधी फोटो काढायचे, मग एकमेकांकडे बघायचे, आणि सुरी कोणी चालवायची यावर वाद घालायचे.

केकमध्ये खोट नव्हती, खोट गाडीत होती. धक्के झेलणारे शॉकअप पार गेलेले. वर्षभरात दोन केक रस्त्यात गेले. एकाचा वरचा मजला खालच्यावर बसला, दुसरा असा कलला की यजमानांनी तो भिंतीला टेकवून कापला. दोन्ही वेळा ताईनं पैसे परत केले आणि घरी येऊन भांडी घासत बसली. ती भांडी घासायला लागली की जावईबापू आपणहून गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

आणि आता एका मोठ्या हॉटेलच्या शेफनं परीक्षेसाठी म्हणून चार मजली केक मागवला होता. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता. धड पोचला तर दर शनिवारचं काम कायमचं, नाही पोचला तर दुसरी केकवाली बघणार. ताईनं मोठ्या ओव्हनसाठी दोन वर्षं साठवलेले पन्नास हजार कपाटातून काढले, मोजले आणि जावईबापूंच्या हातावर ठेवले. "ओव्हन नंतर बघू," ती म्हणाली. "आधी केलेलं नीट पोचू दे."

आता गॅरेजमध्ये काय झालं ते ऐका, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

मिस्त्री तीस वर्षांचा मुरलेला माणूस. त्याच्या बाकावर दोन गिऱ्हाइकं आधीच बसलेली. एक ट्रकवाला, त्याचा दंड जावईबापूंच्या मांडीएवढा. दुसरा जीपवाला, जीपच्या टपावर शिडी, दोरखंड आणि दोन कुदळी. मिस्त्री प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होता, कारण स्प्रिंग कशी घालायची ते वजनावर ठरतं.

"मागे काय असतं?"

"सिमेंट," ट्रकवाला म्हणाला.

"जनरेटर," जीपवाला म्हणाला. "डोंगरावर न्यायचा असतो."

"साहेब, तुमच्या गाडीत मागे काय असतं?"

केक हा शब्द जावईबापूंच्या जिभेवर आला होता, अगदी टोकापर्यंत. नऊ किलोचा केक, वर साखरेचे गुलाब. पण सिमेंट आणि जनरेटरनंतर तो काही केल्या बाहेर पडेना.

"माल," ते म्हणाले.

"कसला?"

"जड असतो."

"तरी किती?"

"दोनशे... अडीचशे किलो धरा."

ट्रकवाला सरकला आणि त्यानं बाकावर जागा करून दिली. सबंध वर्षात जावईबापूंना कुणी असा मान दिला नव्हता. मग मिस्त्रीनं सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला ते मान डोलवत गेले. जास्त वजनाच्या स्प्रिंगा बावीस हजार, त्यांना पेलतील असे शॉकअप अठरा, बसवण्याची मजुरी सहा, चाकांचं अलाइनमेंट आणि सांध्यांतले रबरी बुश मिळून दोन. एकूण अठ्ठेचाळीस हजार. "जुन्या स्प्रिंगांचं काय करू?" मिस्त्रीनं विचारलं. "भंगारात घाला," जावईबापू म्हणाले, आणि तेही अशा थाटात, की जणू दर महिन्याला स्प्रिंगा भंगारात घालतात.

गुरुवारी गाडी मिळाली. गॅरेजच्या दारातला पहिलाच गतिरोधक आला आणि जावईबापूंचं डोकं टपाला लागलं. दुसऱ्याला चष्मा उडाला. घरी येईपर्यंत ते तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होते, कारण ओरडणार कुणापुढे? इमारतीखाली आल्याबरोबर त्यांनी मिस्त्रीला फोन लावला.

"गाडी उडते हो."

"रिकामी आहे ना? उडणारच. अडीचशे किलोच्या स्प्रिंगा आहेत त्या. माल टाका आणि मग बघा, लोण्यासारखी चालेल."

नऊ किलोच्या केकला अडीचशे किलोच्या स्प्रिंगा! ताईला सांगावं तर ती पहिला प्रश्न विचारणार, असं कसं झालं? आणि त्याचं उत्तर ओठांवर येण्यासारखं नव्हतं. टॅक्सी करू म्हणायचीही सोय राहिली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. यांची अठ्ठेचाळीस हजारांचीच होती, पण झाकणं भाग होतं. हॉटेल अकरा किलोमीटरवर. शुक्रवारी कचेरीतून येताना ते मुद्दाम त्या रस्त्यानं गेले आणि गतिरोधक मोजले. सतरा निघाले, त्यातला शेवटचा हॉटेलच्या फाटकातच. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी पाण्याचे दहा मोठे कॅन आणून मागच्या सीटवर रचले. वीस लिटरचा एक, म्हणजे दोनशे किलो. इमारतीला एक फेरी मारली आणि खरंच, गाडी लोण्यासारखी चालली. जावईबापूंना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. तेवढ्यात ताई खाली आली.

"हे काय? साखरेच्या फुलांशेजारी दोनशे लिटर पाणी? एखादं झाकण उघडलं म्हणजे?"

"नाही उघडणार."

"उतरवा ते सगळं."

उतरवलं. घड्याळात अकरा वाजले होते. पाण्याला पर्याय काय, सांडणार नाही असं दोनशे किलोचं काय मिळेल, असा विचार करत ते कपाळ धरून जिन्यात बसले असताना समोरून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीच्या दोन पिशव्या घेऊन वर चालल्या होत्या. काकू अंगानं भरलेल्या. त्यांच्या पावलागणिक जिन्याचा कठडा हलत होता. जावईबापू त्यांच्याकडे बघतच राहिले.

"ताई," वर येऊन ते म्हणाले, "मी काय म्हणतो, आज तुझा एवढा मोठा दिवस. आपण दोघंच जायचं? आपली माणसं नकोत का बरोबर? आई, मामा, काकू?"

गुलाब लावता लावता ताईचा हात थांबला. ती त्यांच्याकडे वळली तर डोळ्यांत पाणी. "तुम्हाला असं वाटलं?" ती म्हणाली. "मला वाटायचं, तुमचं माझ्या कामाकडे लक्षच नसतं."

जावईबापूंना स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. पण लाज वाटून गाडी जड होत नाही. ते लगेच मामांकडे गेले. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, शेजारच्याच इमारतीत राहणारे, एकशे दहा किलोचा भरवशाचा माणूस.

"मामा, सहज विचारतो, हल्ली वजन किती आहे तुमचं?"

मामा खुश झाले. "ओळखलंत ना? चौदा किलो उतरवलं तीन महिन्यांत."

"असं कसं केलंत मामा?" जावईबापू कळवळून म्हणाले.

मामा शहाण्णव. काकूंना विचारायची हिंमत नव्हती, पण अपघातांच्या कागदांवर वजनं वाचून वाचून नजर तयार झालेली, चौऱ्याऐंशी धरले. सासूबाई काठीसारख्या, बेचाळीस. एकूण दोनशे बावीस. पुरे.

चार वाजता निघाले. डिकीत केक, मागे तिघं, पुढे ताई. पहिला गतिरोधक आला तेव्हा जावईबापूंनी डोळे मिटले, जे गाडी चालवणाऱ्यानं करू नये. गाडी अलगद वर गेली, अलगद खाली आली. ताईनं मागे वळून तिघांच्या खांद्यांवरून डिकीतल्या खोक्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. "सार्थक झालं हो पैशांचं," ती म्हणाली. जावईबापूंच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

असे सोळा पार पडले. हॉटेल समोर दिसायला लागलं.

"इथेच थांबवा जरा," काकू म्हणाल्या. "कोपऱ्यावर माझी बहीण राहते. आलेच आहे तर भेटते."

"नको काकू, परत जाताना."

"परत जाताना ती झोपलेली असते. मागची गाडी हॉर्न वाजवतेय, थांबवा."

"उतरू द्या की त्यांना," ताई म्हणाली.

"नाही!"

"अहो, असं काय करता?"

काकूंनी दाराच्या कडीला हात घातला. फाटकातला उंच गतिरोधक दोनशे पावलांवर होता. काकू गेल्या तर चौऱ्याऐंशी किलो गेले. जावईबापूंचा धीर सुटला.

"काकू, हात जोडतो, उतरू नका. तुम्ही उतरलात तर गाडी उडेल. या स्प्रिंगा जड वजनाच्या आहेत, मागे दोनशे किलो लागतंच लागतं."

मग काकूंनी हात मागे घेतला.

"म्हणजे मला तुम्ही वजनाला आणलंत," त्या म्हणाल्या.

"आणि मला?" मामांनी विचारलं.

सासूबाई आळीपाळीनं दोघांकडे बघत होत्या. आपल्याला कशाला आणलं हे बहुधा त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

ताई समोर बघत होती. "आधी पोचू," ती एवढंच म्हणाली. काकूंनी पदर सावरला. "मी ताईसाठी बसते आहे," त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाही."

सतरावा पार पडला. केक आत गेला. शेफ चारी बाजूंनी फिरला, वाकून कडा बघितल्या, एक गुलाब बोटानं हलकेच दाबून पाहिला. कुठे तडा नव्हता. "पुढच्या शनिवारपासून," तो म्हणाला. ताईनं वाकून नमस्कार केला, हसली, आणि बाहेर आवारात येईपर्यंत हसू टिकवून धरलं. गाडीपाशी तिघं उभीच होती.

"मिस्त्रीला काय सांगितलं होतंत?" तिनं विचारलं.

"माल असतो म्हणून."

"कसला?"

जावईबापू बंद डिकी पुन्हा एकदा बंद करायला लागले.

"केक म्हणायला लाज वाटली," ताई म्हणाली. ती विचारत नव्हती. "सहा वर्षं मी पहाटे उठते. या घराचं निम्मं भाडं त्या केकमधून जातं. आणि चार माणसांत तुम्हाला तो शब्द उच्चारवला नाही. मला वाटलं, आज आपल्या माणसांना तुम्ही माझं काम बघायला आणलंत."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. तिनं हात करून टॅक्सी थांबवली. तिच्यामागे सासूबाई बसल्या, मग मामा बसले, मग काकू. बहिणीकडे जायचं काकूंनी नावही काढलं नाही. टॅक्सी मागच्या बाजूनं चांगलीच खाली बसली. सासूबाईंनी तेवढं काचेतून डोकं बाहेर काढलं. "जावईबापू, सावकाश या," त्या म्हणाल्या.

जावईबापू एकटेच निघाले. पहिल्या गतिरोधकाला डोकं टपाला लागलं, दुसऱ्याला जीभ चावली, तिसऱ्याला डिकी आपोआप उघडली. चौथ्यानंतर त्यांनी गाडी एका बसथांब्यापाशी कडेला घेतली, डोकं चोळलं आणि मिस्त्रीला फोन लावला. रस्त्यावर आवाज फार होता, त्यामुळे ओरडावंच लागलं.

"मिस्त्री, माझ्या गाडीत मागे केक असतो."

"काय असतो?"

"केक. माझी बायको करते. फार सुंदर करते."

थांब्यावरची सगळी रांग वळून बघायला लागली.

"मग साहेब, हे आधी नाही का बोलायचं? तुमच्या जुन्या स्प्रिंगा ठणठणीत होत्या. नुसते साधे शॉकअप घातले असते, मजुरीसकट साडेनऊ हजारांत काम होतं."

"आणि आता?"

"आता ह्या काढायच्या, नव्या साध्या आणायच्या. मजुरी परत सहा हजार, अलाइनमेंट वेगळं. सोमवारी आणा, बघतो."

जावईबापूंनी फोन ठेवला. काचेवर टकटक झाली. रांगेतली एक बाई वाकून बघत होती.

"तुम्ही केक म्हणालात ना? माझ्या मुलीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. तीन मजल्यांचा काय भाव आहे?"

जावईबापूंनी तोंड उघडलं. स्प्रिंगा बावीस, शॉकअप अठरा, मजुरी सहा, बुशसुद्धा पाठ होते. केकचा भाव त्यांना माहीत नव्हता. सहा वर्षांत विचारलाच नव्हता.

"एक मिनिट हं," ते म्हणाले आणि ताईला फोन लावला. तिसऱ्या वेळी उचलला गेला.

"अगं, तीन मजली केकचा भाव काय असतो आपल्याकडे?"

टॅक्सीचा आवाज येत राहिला. मागे काकू काहीतरी म्हणाल्या.

"कोणाला हवाय?" ताईनं विचारलं.

"इथे थांब्यावर एक बाई आहेत, लग्नासाठी म्हणतात."

"फोन त्यांना द्या," ताई म्हणाली.