चिंचबन पेठेनें दरबारास खोटें सांगितलें त्याची हकीकत

श्री. चव्हाट्यावर जी देवता उभी आणि दुकानांच्या पायरीवर जी माणसें बसती, उभयतांस दंडवत घालोन लिहिणार लिहितो ऐसें जे, शके १९४१ विकारीनाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं, राजधानींत चिंचबन म्हणोन नांदती पेठ होती. तेथें द्वारकाबाई कासार यांचें बांगड्यांचें दुकान, सासऱ्यांपासोन चालत आलेलें. बाई बांगडी भरतांना हाताच्या हलक्या, जिभेच्या तिखट, आणि दरबारचा माणूस दिसला कीं कपाळास आठी पडावी ऐसा स्वभाव. कारण पूर्वीं पेठ सुंदर करावयाची म्हणोन दरबारानें दुकानांचे छज्जे पाडिले, आणि सुंदरता कांहीं मागाहून आली नाहीं. ऐसियास दरबाराचे मनीं आलें कीं पेठेंत रहिवाशांस सुख व्हावें, दुकानदारांस बरकत व्हावी, आणि त्याकरितां नगररचनेचे कारभारी श्रीनिवासपंत मोघे यांस रवाना केलें. पंत मोटारींत न बसतां पायीं आले, आणि करंजाच्या झाडाखालीं उभे राहोन येणाऱ्याजाणाऱ्यांस पुसों लागले, "इथं तुम्हाला त्रास कशाचा होतो? काय असावं वाटतं?" ऐसें आजवर कोणी पुसिलें नव्हतें, म्हणोन पेठेस दहशत पडली.

मग दुकानदार मंडळी बाईंकडे जमा जाहली. समोरचे अत्तरवाले इब्राहीमभाई, वयानें सर्वांत वडील, रोज दुपारीं रस्ता ओलांडोन बाईंकडे चहास येत, ते बोलिले, "वहिनी, माणूस सरळ दिसतो. गाड्यांचा त्रास आहे, पायी चालायला जागा पुरत नाही, सांगून टाकू."

बाई बोलिल्या, "भाईजान, सरळ दिसतो याचीच मला भीती वाटते. आपल्याला काय हवं ते कळलं, की नेमकं तेच काढून घेतील. उलटं सांगायचं. गाड्या हव्यात म्हणायचं, झाड नको म्हणायचं."

भाईंनीं चहाचा पेला खालीं ठेविला, आणि पेठेनें मान डोलाविली.

दुसरे दिवशीं पंतांनीं पुसिलें, "गाड्यांचा त्रास होत असेल ना?" बाईंनीं हसोन उत्तर केलें, "छे हो. गाड्या आहेत म्हणून तर गिऱ्हाईक आहे. आणखी येऊ द्या." आणि झाडाचें पुसतां बोलिल्या, "नुसता पाचोळा." पंतांनीं तैसेंच दरबारीं निवेदन केलें, आणि दरबारानें कधीं नव्हे तें प्रजेचें म्हणणें शब्दशः मानिलें. पदपथ उखडोन रस्ता रुंद केला, करंज तोडिला, आणि मंडईचे सगळे टेंपो पेठेंतून वळविले. मग काय वर्णावें? दिवसभर कर्णे वाजती, धूर कोंडे, फळीवरच्या बांगड्या थरथरती, आणि लेंकरें घेऊन येणाऱ्या बायका पेठेच्या तोंडाशींच माघारीं फिरती. बाई मनांत म्हणत, यांतही दरबाराचा कांहीं डाव असेल. आणि एके दुपारीं इब्राहीमभाई चहास निघाले असतां टेंपोनें त्यांस उडविलें, आणि मांडीचें हाड मोडिलें. बाई अनवाणी धांवल्या, आणि इस्पितळापर्यंत त्यांचा हात धरोन बसल्या. भाई दोष देतील तर बरें, ऐसें बाईंस वाटत होतें. भाई इतुकेंच बोलिले, "वहिनी, दुकान उघडंच राहिलंय. जा तुम्ही."

बाई दुकानीं न जातां तडक कचेरींत गेल्या आणि पंतांपुढें उभ्या राहोन बोलिल्या, "साहेब, मी खोटं बोलले. सगळ्यांना बोलायला लावलं. त्या गाड्या बंद करा."

आतां संशय घ्यावयाची पाळी पंतांची. ते बोलिले, "तेव्हा एक, आज दुसरं. गाड्या बंद करून कुणाचं भलं व्हायचंय, बाई? कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"मग तेव्हा खोटं का बोललात?"

"तुमच्याकडचं कुणी कधी विचारायला आलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत, म्हणून भ्याले."

पंतांनीं पूर्वींचें निवेदन काढोन पुढें ठेविलें. मग म्हणाले, "आत्ताचं तरी खरं कशावरून?"

"नका विश्वास ठेवू. माझ्या दुकानात येऊन बसा. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

पंत आले आणि बसले, आणि बाईंनीं वचन पाळिलें. पलीकडे एक म्हातारी पिशवी घेऊन पार व्हावयास उभी होती; ती उभी राहोन राहोन परत गेली. पंत स्वतः पलीकडे जावयास उतरले, पाऊल टाकिलें आणि मागें घेतलें, आणि घाम पुसोन पुन्हां पायरीवर बसले. मग त्यांनीं दरबारीं जाऊन आपलीच मसलत चुकली ऐसें सांगितलें, वरिष्ठांचीं बोलणीं खाल्लीं, आणि हुकूम फिरविला. टेंपोंनीं सकाळीं माल उतरवोन निघोन जावें, एरवीं पेठ पायीं चालणारांची, ऐसें ठरलें. पदपथ पुन्हां बांधिला, बांक मांडिले, रोपें लाविलीं. करंज मात्र गेला तो गेलाच. रोपांची सावली पडावयास कैक वर्षें लागणार. तथापि बायका परतल्या, बांगड्या भरतांना गप्पा मारूं लागल्या, आणि दुकानें पूर्वींहून बरीं चालूं लागलीं.

पुढें इब्राहीमभाई काठी टेकीत बरे होऊन पेठेंत आले. बाई त्यांस चहास न्यावयास गेल्या, आणि रस्त्याच्या कडेस थांबोन उजवीकडे डावीकडे निरखूं लागल्या. एकही गाडी नव्हती.

भाई बोलिले, "वहिनी, आता काय बघता?"

बाई बोलिल्या, "दरबार येतोय का ते बघते," आणि त्यांचा हात धरोन पार जाहल्या.

एवंच चिंचबन पेठेचें वर्तमान. पेठ सुखी, दरबार राजी, संशय जागचे जागीं.